सही कुणाची, चित्र कुणाचं?

खेळाडूची सही असलेलं चित्र ज्याच्या दिवाणखान्यात टांगलेलं आहे, त्याला एकच विचारा. चित्रकार कोण? सामना कुठला, ते तो घडाघडा सांगेल. तीनशे प्रतींपैकी आपली कितवी, तेही सांगेल. किंमत तर न विचारताच सांगेल. चित्रकाराच्या नावाशी मात्र गाडी अडते. बहुतेकदा ते नाव फ्रेमवाल्याने माउंटच्या पुठ्ठ्याखाली दाबून टाकलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

मला याचा राग येतो, कारण हा छंद मला मनापासून आवडतो. मोजक्याच प्रती छापायच्या, प्रत्येकीवर क्रमांक घालायचा, कलाकाराने स्वतः सही करायची. या रीतीमुळे ज्याला लाखाचं मूळ चित्र परवडत नाही त्याच्याही घरी खऱ्या कलाकाराच्या हातची वस्तू येते. त्यात खेळातला एखादा क्षण नेमका पकडलेला असला तर सोन्याला सुगंध. पण या बाजारात सहीने चित्राला खाऊन टाकलं आहे. चित्र कसंही असो, कोपऱ्यात नामांकित खेळाडूचं मार्करने ओढलेलं नाव दिसलं की माल खपतो. हे उलटं व्हायला हवं.

अमेरिकेत हा बाजार ज्यांनी मोठा केला, त्यांत सगळ्यांत ठळक नाव लिरॉय नीमनचं. १९२१ साली मिनेसोटात जन्मलेला, भल्यामोठ्या मिशांचा हा चित्रकार. शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराने टाकून दिलेले एनॅमल रंगाचे डबे त्याच्या हाती लागले आणि त्या झरझर पसरणाऱ्या रंगाने त्याचा हात मोकळा झाला. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये तो टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बसून चित्रं काढत होता. मुहम्मद अलीला तर त्याने वर्षानुवर्षं रेखाटलं, रिंगला खेटून बसून.

समीक्षकांनी त्याला कधी जवळ केलं नाही. त्यांचं एक म्हणणं मलाही पटतं. घोडा असो, गोल्फ असो की बॉक्सिंग, नीमनची रंगांची आतषबाजी तीच असते. पण ठोसा सुटण्याआधी बॉक्सरचा खांदा कुठे असतो, हे त्याला फोटो बघून शिकावं लागलं नव्हतं. त्याची सेरीग्राफ, म्हणजे पडद्यातून एकेक रंग उतरवलेली स्क्रीन प्रिंट, शेकड्यांच्या आवृत्तीत निघत. खाली पेन्सिलने क्रमांक आणि त्याची स्वतःची सही. शेजारी खेळाडूची सही नसली तरी लोक ती घेत. २०१२ साली नीमन गेला, त्याच्या प्रिंटची खरेदी-विक्री अजून चालू आहे.

स्क्रीन प्रिंट आपल्याला नवी नाही. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पिशव्या आपल्या गल्लीबोळांत तशाच छापल्या जात आल्या आहेत. एका रंगाला एक पडदा. तो रंग वाळला की दुसरा पडदा, कडेला कड जुळवून. वीस-तीस रंगांचं चित्र असलं तर तितक्या वेळा कागद टेबलावर चढतो आणि उतरतो, आणि एकदा जरी केसभर सरकला तरी ती प्रत वाया. असं प्रिंट हातात आलं तर सोनाराकडे असतं तसं, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगाचे सलग थर दिसतील, एकाच्या कडेवर दुसरा चढलेला दिसेल. कागद तिरपा धरला तर शाईची जाडी उजेडात उठून येईल. ऑफसेटवर छापलेलं असेल तर त्याच भिंगाखाली निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते. इंकजेट असेल तर रंगाचे बारीक तुषार. सहीही अशीच तपासा. पेन्सिलची सही तिरप्या उजेडात चमकते आणि टोकाच्या दाबाने कागदाला बारीकसा चर पडलेला असतो. छापलेल्या सहीला चर नसतो.

एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. पन्नास हजार मोजायला तयार असलेला माणूस ती पाच मिनिटं देत नाही.

बाजारात जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं असं असतं: कॅनव्हासवरच्या चित्राचा डिजिटल फोटो, त्याच्या इंकजेटवर काढलेल्या पाचशे प्रती आणि खेळाडूला एका बैठकीत बसवून करून घेतलेल्या पाचशे सह्या. हे पोस्टर आहे. चांगल्या कागदावरचं, टिकाऊ शाईचं, कदाचित सुंदरही, पण पोस्टर. घ्यायला काही हरकत नाही. पोस्टरच्या भावात घ्या आणि सहीचे पैसे आपण वेगळे मोजतोय हे स्वतःशी कबूल करा.

आता त्या क्रमांकाकडे या. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे तेव्हा प्रतींच्या मर्यादेला कारण होतं. पत्रा झिजतो, रेषा बोथट होतात, पहिल्या प्रतींचं तेज शेवटच्या प्रतींना राहत नाही. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर फुली खरवडून तो बाद करायचा, ही सचोटीच्या छापखान्यांची रीत. संगणकातली फाइल झिजत नाही. तिथे मर्यादा म्हणजे विक्रेत्याने दिलेला शब्द, दुसरं काही नाही. आणि त्या शब्दाला पळवाटा भरपूर. मुख्य आवृत्ती तीनशेची. शिवाय ‘ए.पी.’ अशी खूण केलेल्या कलाकाराच्या प्रती, ‘पी.पी.’ खुणेच्या छापणाऱ्याच्या प्रती आणि ‘एच.सी.’ खुणेच्या, म्हणजे विक्रीसाठी नसलेल्या आणि तरीही विकायला येणाऱ्या प्रती. मग तेच चित्र कॅनव्हासवर, मग लहान आकारात, मग रोमन आकड्यांची निराळी मालिका. तुमच्या प्रतीवर ४५/३०० लिहिलंय म्हणून जगात तीनशेच आहेत असं धरून चालू नका. विक्रेत्याला लेखी विचारा: सगळ्या तऱ्हेच्या मिळून किती काढल्या? कॅलिफोर्नियात तर ही माहिती गिऱ्हाइकाला देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

रिक रश या अमेरिकन चित्रकाराचं उदाहरण घ्या. एप्रिल १९९७मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टायगर वुड्सने ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. पुढच्या वर्षी रशचं ‘द मास्टर्स ऑफ ऑगस्टा’ निघालं. पुढे वुड्स, मागे बॉबी जोन्स, आर्नल्ड पामर, जॅक निक्लॉस असे गोल्फचे आधीचे दिग्गज त्याच्याकडे बघताहेत. त्याच्या प्रती किती? सेरीग्राफ २५० आणि लहान आकाराचे लिथोग्राफ ५,०००. एकूण सव्वापाच हजार. मर्यादित हे विशेषण मी त्यातल्या २५०लाच देईन.

पण या चित्राची मोठी गोष्ट पुढे घडली. आपली प्रतिमा परवानगीवाचून विकली म्हणून वुड्सच्या कंपनीने प्रकाशकावर दावा लावला. २००३ साली अपील न्यायालयाने निकाल प्रकाशकाच्या बाजूने दिला. ही कलाकृती आहे आणि तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं न्यायालयाने मानलं. अलाबामा विद्यापीठानेही डॅनियल मूर या चित्रकाराला २००५ साली असंच कोर्टात खेचलं होतं. तो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने रंगवतो, आणि गणवेश व त्याचे रंग आमचे, असं विद्यापीठाचं म्हणणं. २०१२ साली चित्रं आणि प्रिंट यांच्याबाबत अपील न्यायालयात मूर जिंकला. हे दोन्ही निकाल मला फार मोलाचे वाटतात. हजारो लोकांसमोर मैदानात जे घडलं, ते रंगवायला चित्रकाराने कुणाच्या दारात का उभं राहायचं? खेळाडूने सही दिली तर तिचे पैसे त्याला मिळावेतच. नजर मात्र चित्रकाराची आहे, आणि विकत घ्यायची ती नजर.

बरं, जिच्यासाठी एवढा आटापिटा, ती सही तरी खरी असते का? १९९०च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने सॅन दिएगोहून ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं. बेसबॉलपटू टोनी ग्विनला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्यांचा माल दिसला होता. त्या तपासात उघड झालेल्या फसवणुकीचा आकडा दहा कोटी डॉलरच्या वर सांगितला गेला. चेंडू, बॅट, फोटो, काय वाटेल ते. मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलसुद्धा त्यात होता. मालासोबत अस्सलपणाची प्रमाणपत्रंही दिली जात होती आणि तीही बनावट. ज्याला सही साधते त्याला कागद छापणं कितीसं जड? पुढे २००१मध्ये मेजर लीग बेसबॉलने पद्धतच बदलली. सही होताना स्वतंत्र साक्षीदार हजर आणि तिथल्या तिथे वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम. साक्षीदार नसलेल्या प्रमाणपत्राला मी कवडीची किंमत देत नाही. चित्रकाराच्या सहीचं तसं नाही. चित्रकार हयात असेल तर त्यालाच विचारता येतं, आणि बहुतेक चित्रकार आपल्या प्रतींची वही नीट ठेवतात. पत्र टाका, उत्तर येतं.

उलटा प्रकारही घडून गेला आहे. साल्वादोर दालीने कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या. १९७४ साली फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी अंडोराकडे निघालेला एक ट्रक अडवला, तर आत दालीच्या सहीचे ४०,००० कोरे कागद. सही शंभर टक्के खरी, आणि वर काय छापलं जाणार याचा चित्रकाराला पत्ता नाही. दाली काही खेळांचा चित्रकार नव्हता, पण क्रीडाचित्रं जमवणाऱ्या प्रत्येकाने तो ट्रक लक्षात ठेवावा. तिकडे सॅन दिएगोत सही खोटी होती, इथे सहीच्या वरचा कागद रिकामा होता. फसणारं गिऱ्हाईक दोन्हीकडे एकच, चित्राआधी सही बघणारं.

मग खेळाडूची सही चित्रावर शोभते कधी? तोच हात चित्रातही असतो तेव्हा.

जॅक रसेल हा इंग्लंडचा यष्टिरक्षक. ५४ कसोट्या खेळलेला, वर्षानुवर्षं तीच झिजलेली पांढरी टोपी घालणारा. १९९५च्या जोहान्सबर्ग कसोटीत त्याने ११ झेल घेतले, तो तेव्हाचा विक्रम होता. शेवटच्या दिवशी मायकेल आथर्टनच्या साथीला उभा राहून त्याने २३५ चेंडूंत नाबाद २९ धावा केल्या आणि हातचा गेलेला सामना अनिर्णित राखला. पावसाने खेळ थांबला की हा माणूस स्केचबुक उघडून बसायचा. ग्लॉस्टरशायरमधल्या चिपिंग सॉडबरी या गावात त्याने स्वतःची गॅलरी काढली आणि खेळ सोडल्यावर चित्रकला हाच त्याचा व्यवसाय झाला. त्याच्या क्रिकेटच्या चित्रांच्या मोजक्या, सही केलेल्या प्रती निघतात, आणि त्यावरचं रसेलचं नाव हे चित्रकाराचं नाव आहे. यष्टींमागे दिवसाचे सहा तास ओणवं बसून चेंडूवर डोळा ठेवणाऱ्याला गवताचा रंग चहापानानंतर कसा बदलतो ते ठाऊक असतं. अशी प्रत मिळाली तर दोन्ही हातांनी घ्यावी.

अलीनेही चित्रं काढली. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत, आणि नीमनचा सहवास होताच. १९७८ साली ‘फ्रीडम रोड’च्या चित्रीकरणासाठी मिसिसिपीत असताना त्याने ‘स्टिंग लाइक अ बी’ काढलं. शाळकरी हाताचं वाटावं असं चित्र. रिंग, आडवा झालेला प्रतिस्पर्धी, पंच आणि वर संवादाचे फुगे. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये बोनहॅम्सच्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात त्याला सव्वाचार लाख डॉलर आले. अली चित्रकार म्हणून मोठा नव्हता. तरी ती रेषा त्याची आहे, त्यातला खोडकरपणा त्याचा आहे. दुसऱ्याच्या चित्राच्या कोपऱ्यातलं अलीचं नाव आणि अलीच्या हातची ही वेडीवाकडी रेषा यांत निवड करायची झाली तर मी क्षणभरही थांबणार नाही.

सहीच्या टेकूवाचून चित्र कुठवर जातं, हे बघायचं तर केंट कौंटीकडे जायला हवं. १९०६ साली केंटने पहिल्यांदा कौंटी अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा लॉर्ड हॅरिस यांच्या पुढाकाराने क्लबने आल्बर्ट शेव्हालिए टेलर या चित्रकाराकडून कँटरबरीच्या मैदानाचं तैलचित्र करून घेतलं. हे हॅरिस म्हणजे १८९० ते १८९५ या काळातले मुंबईचे गव्हर्नर. तेंडुलकर आणि कांबळी यांनी १९८८ साली ६६४ धावांची भागीदारी केली ती शालेय स्पर्धा, हॅरिस शील्ड, त्यांच्याच नावाची. राज्यकर्ता म्हणून त्यांची भलामण मी करणार नाही. पण चित्रकाराला रीतसर मोबदला द्यायचा आणि खेळाडूंना त्याच्यासमोर बसवायचं, एवढी समज त्यांना होती. चित्रात गोलंदाजी करतोय कॉलिन ब्लाइथ. १९१७ साली तो पहिल्या महायुद्धात मारला गेला, आणि आज त्याची ती शैली रंगांत बघायची तर हे चित्र आहे. २००६ साली केंटने ते लिलावात काढलं तेव्हा ६,८०,००० पौंड आले. ही किंमत कुणाच्या मार्करने आणलेली नाही.

आपल्याकडे खेळाडूची सही म्हणजे अजून बॅट. पुण्यात सहकारनगरला ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय आहे, सह्यांच्या बॅटी बघायला तिथे जरूर जावं. पण छापील चित्र घराघरात नेण्याचं मोठं काम याच मुलखात झालं होतं, त्याचा आपल्याला विसर पडलाय. राजा रवि वर्मांनी १८९४ साली घाटकोपरला लिथोग्राफीचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती देवघरापर्यंत पोचल्या. त्यांच्यावर क्रमांक नव्हते, मर्यादा नव्हती, सहीचं प्रमाणपत्र नव्हतं. आज त्या जुन्या प्रती जाणकार शोधत फिरतात, कारण त्या काळाने दुर्मीळ केल्या आणि चित्रं टिकायच्या लायकीची होती.

जे घ्याल ते सांभाळा, हेही सांगायला हवं. मार्करची सही उन्हात उडते, पेन्सिलची उडत नाही. आमच्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते, म्हणून काच आणि कागद यांच्यात माउंटचं अंतर हवंच, आणि तो पुठ्ठा आम्लविरहित हवा. प्रिंट पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून देतो म्हणणाऱ्या फ्रेमवाल्याकडून ते परत घेऊन या. कागदाच्या कडा छाटू देऊ नका, समास हा प्रतीचाच भाग आहे.

आणि आता माझी मागणी, कोल्हापूरकडे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग हे कुस्तीचं मैदान १९१२पासून तिथे आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर हे चित्रकार तिथलेच. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव त्याच शहरात घडले. कुस्ती आणि चित्रकला एवढ्या जवळजवळ नांदणारं दुसरं गाव मला महाराष्ट्रात दिसत नाही. तिथल्या एखाद्या तरुण चित्रकाराने आखाड्याच्या कडेला बसून रेखाटनं करावीत, फोटोवरून नव्हे. मग एक कुस्ती निवडून ती लाकडात किंवा लिनोवर कोरावी. दोनच रंग, काळा आणि तांबड्या मातीचा. प्रती शंभर, चित्रकाराच्या दहा, एकूण एकशेदहा, आणि हा आकडा विक्रीच्या पावतीवर छापलेला. खाली चित्रकाराची सही आधी, पैलवानाची नंतर, दोन्ही पेन्सिलने. छापणाऱ्याचं नाव मागे. पैसे तिघांत वाटलेले. शेवटची प्रत निघाली की ठोकळ्यावर सगळ्यांदेखत फुली मारायची आणि तो तालमीला देऊन टाकायचा. यात परदेशातून आणावं लागेल असं काहीच नाही. कागद इथे मिळतो, शाई मिळते, कोरणारे हात मिळतात, पैलवान तर मिळतातच. आगाऊ पैसे भरून मागणी नोंदवणारे शंभर लोक तेवढे हवेत.